फाइल उघडली, ग्राफही आला, पण आकडे भलतेच होते

आमच्या लॅबमध्ये कोणाचा ग्राफ अडला की "ताईला दाखव" म्हणून माझ्याकडे पाठवतात, आणि मला ते काम मनापासून आवडतं, त्यामुळे गेल्या काही वर्षांत इम्पोर्टच्या, म्हणजे मशीनची फाइल ग्राफच्या प्रोग्राममध्ये वाचून घ्यायच्या, भानगडी इतक्या बघितल्यात की आता नीट लिहून काढावंसं वाटलं. लॅब मटेरियल सायन्सची आहे, म्हणजे झिंक ऑक्साइडच्या पावडरी, थिन फिल्म, सुपरकॅपॅसिटरचे इलेक्ट्रोड असलं सगळं. एक्सआरडी (एक्स-रे टाकून क्रिस्टलची रचना बघणं) एका ठिकाणी करून आणायचं, यूव्ही (कुठल्या वेव्हलेंग्थचा प्रकाश किती शोषला जातो ते) दुसरीकडे, सीव्ही (व्होल्टेज वरखाली करून करंट मोजणं) तिसऱ्याच डिपार्टमेंटमध्ये, आणि प्रत्येक मशीन आपापल्या पद्धतीची टेक्स्ट फाइल हातात देतं. कोणाचं एक्स्टेंशन टीएक्सटी, कोणाचं एएससी, कोणाचं सीएसव्ही. आत सगळीकडे दोन कॉलम आकडेच, पण त्या दोन कॉलमच्या आजूबाजूला काय काय असतं ते प्रत्येक वेळी वेगळं.

माझं मत आधीच सांगते. जी फाइल इम्पोर्टच होत नाही, लाल अक्षरात एरर देते, ती फाइल बरी. निदान तुम्हाला कळतं की काहीतरी अडलंय. खरी भीती त्या फाइलची जी गपचूप उघडते, ग्राफ पण काढून देते, आणि ग्राफ दिसायला ठीकठाक असतो. अशी एक फाइल मला आमच्या एका ज्युनिअरमुळे बघायला मिळाली आणि तेव्हापासून कोणाचाही स्मूथ केलेला ग्राफ मी आधी बघतच नाही, कच्ची फाइल मागते.

झालं असं की तो मँगनीज डोप केलेल्या, म्हणजे थोडं मँगनीज मिसळलेल्या, झिंक ऑक्साइडवर काम करत होता. झिंक ऑक्साइडचा एक्सआरडी ज्यांनी बघितलाय त्यांना पहिली तीन पीक्स पाठ असतात, कॉपर के-अल्फा एक्स-रेवर, म्हणजे १.५४०६ अँगस्ट्रॉम वेव्हलेंग्थवर, पहिलं ३१.७७ अंशाजवळ, दुसरं ३४.४२ ला, आणि सगळ्यात उंच ३६.२५ ला. ह्या पोराच्या ग्राफमध्ये पहिलं पीक वरून थोडं चेपलेलं होतं, मधलं एकदम व्यवस्थित, आणि ३६.२५ चं चक्क दोन भागात फुटलेलं. तो खूष होता. डोपिंगमुळे दुसरी फेज, म्हणजे वेगळ्या रचनेचा दुसरा पदार्थ, आली, पीक स्प्लिट झालं, अशी पूर्ण मांडणी तयार, सेमिनारच्या स्लाइड पण तयार. मला म्हणाला "ताई, फक्त लेबल नीट बसत नाहीयेत तेवढं बघून द्या."

मला खटकलं ते मधलं पीक. दुसरी फेज आली असती तर नवीन जागी नवीन पीक्स दिसायला पाहिजेत, आणि असं कसं की सगळ्यात उंच पीक सगळ्यात जास्त फुटतं, त्याच्याहून बुटकं जरा कमी फुटतं, आणि सर्वात बुटक्याला काहीच होत नाही? हे क्रिस्टलचं वागणं वाटत नव्हतं, हे आकड्याच्या उंचीशी जोडलेलं काहीतरी होतं. म्हटलं स्मूथिंग काढ आधी. त्याने सेविट्स्की-गोले नावाचा स्मूथिंगचा फिल्टर मोठ्या विंडोने, म्हणजे एकावेळी बरेच पॉइंट धरून, लावला होता, तो काढला आणि रेघेऐवजी नुसते पॉइंट काढायला सांगितले, आणि मग खरं चित्र दिसलं. ३६.१० पर्यंत पॉइंट छान चढत होते आणि ३६.१२ पासून ३६.३८ पर्यंतचे १४ पॉइंट एकदम खाली, जवळजवळ एक्स अक्षावर पडलेले. बॅकग्राउंड, म्हणजे पीक नसतानाची पातळी, ६५-७० काउंटचं (काउंट म्हणजे मोजलेली इंटेन्सिटी), आणि पीकच्या बरोब्बर मधे इंटेन्सिटी १. बॅकग्राउंडच्याही खाली! पीकच्या पोटात बॅकग्राउंडपेक्षा कमी काउंट येणं शक्यच नाही, त्यामुळे तिथेच नक्की झालं की सॅम्पल, डोपिंग, फेज ह्यातलं काही नाही, वाचताना गडबड झालीय.

फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली आणि त्या जागेवर गेलो तर ओळी अशा होत्या: ३६.०८ समोर ७९२, ३६.१० समोर ९५१, ३६.१२ समोर १,११९, पुढे ३६.२० समोर १,७१२, ३६.२४ समोर १,८४५. दिसला का कॉमा? हजाराच्या आत कॉमा नाही, हजार ओलांडलं की कॉमा. आम्ही लॅबमध्ये ग्नूप्लॉट हा ग्राफ काढायचा प्रोग्राम वापरतो, फुकट आहे, १९८६ पासून चालत आलंय, आणि डिफॉल्टला ते कॉलम स्पेस किंवा टॅबवरून ओळखतं. आकडा वाचताना जिथपर्यंत आकडा समजतो तिथपर्यंत घ्यायचा आणि पुढचं सोडून द्यायचं अशी पद्धत आहे, आणि ही फक्त ग्नूप्लॉटची नाही, सी मधल्या साध्या वाचायच्या फंक्शनपासून बऱ्याच प्रोग्रामची हीच सवय. त्यामुळे १,८४५ चा झाला १. एरर नाही, वॉर्निंग नाही. ३४.४२ चं पीक ८१२ काउंटचं होतं म्हणून शाबूत राहिलं, ३१.७७ चं जेमतेम १,०५२ पर्यंत जात होतं म्हणून त्याचे टोकाचे चारच पॉइंट गळाले, आणि सगळ्यात उंच पीकचं पोटच गेलं. आणि वरून स्मूथिंग केलं की तो खड्डा गोलसर होतो आणि दोन शिखरं दिसायला लागतात.

कॉमा आले कुठून? मशीनच्या ओरिजिनल फाइलमध्ये नव्हतेच. मधे एकदा तो डेटा टेबल करण्यासाठी स्प्रेडशीटमध्ये गेला होता, लॅबमध्ये फिरणारी एक तयार शीट आहे तिच्यात त्या कॉलमला हजारी कॉमाचं फॉरमॅट लावलेलं, आणि तिथून कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून नवीन टीएक्सटी बनवली. स्प्रेडशीटमधून कॉपी केलं की जे स्क्रीनवर दिसतं ते येतं, आतली खरी व्हॅल्यू नाही. हे फार महत्त्वाचं आहे, कारण दशांशाचं पण तसंच होतं, सेल दोनच दशांश दाखवत असेल तर कॉपीत आणि सीएसव्ही सेव्ह करताना पण दोनच दशांश जातात, २०.०१३१ चं २०.०१ होतं आणि जवळजवळचे पॉइंट एकाच एक्स व्हॅल्यूवर येऊन बसतात.

ह्याचा परिणाम नुसता ग्राफपुरता नव्हता. त्याने शेरर फॉर्म्युला (पीक जितकं रुंद तितके कण लहान) लावून क्रिस्टलाइट साइज, म्हणजे स्फटिक-कणांची साइज, काढली होती, फुटलेल्या पीकच्या एका शिंगाची रुंदी साधारण ०.१२ अंश धरून साइज येत होती ७० नॅनोमीटरच्या आसपास. कॉमा काढून नीट प्लॉट केल्यावर एकच पीक, रुंदी ०.३ अंश, आणि साइज साधारण २८ नॅनोमीटर. अडीच पट फरक, फक्त कॉमामुळे. पेपरमध्ये गेलं असतं तर कोणी पकडलं असतं? मला नाही वाटत, कारण पेपरमध्ये टेक्स्ट फाइल जात नाही, ग्राफ जातो.

आता दुसरी फाइल, कॉमाचीच पण उलट्या दिशेची. यूव्ही-व्हिजिबलचं मशीन ज्या कॉम्प्युटरला जोडलंय त्याची रिजनल सेटिंग जर्मन होती. जर्मनीत, आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी, डेसिमल पॉइंटच्या जागी कॉमा लिहितात, म्हणजे ३७०.५ ला ३७०,५ आणि ०.८१२ ला ०,८१२. कॉलमच्या मधे टॅब. ही फाइल सरळ प्लॉट केली की तोच न्याय, कॉमाच्या पुढचं सगळं गेलं. वेव्हलेंग्थ ३७०,५ ची ३७० झाली, म्हणून प्रत्येक एक्स दोनदोनदा, आणि अॅब्सॉर्बन्स ०,८१२ चा झाला ० आणि १,१०४ चा झाला १. ग्राफ आला तो असा की ३८० नॅनोमीटरच्या पलीकडे सपाट शून्य आणि ३७० च्या जवळ एकदम उभी उडी एकवर. झिंक ऑक्साइडची अॅब्सॉर्प्शन एज, म्हणजे प्रकाश जोरात शोषायला सुरुवात होते ती जागा, ३७० च्या आसपासच असते! म्हणजे चुकीचा ग्राफ अगदी योग्य जागी उडी मारत होता आणि बघणाऱ्याला वाटावं की वा, काय शार्प एज आलीय. त्यावरून टॉक प्लॉट, म्हणजे ह्याच डेटावरून बँडगॅप काढायचा ग्राफ, काढला असता तर बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) पण काहीतरी ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्टसारखा दिसला असता आणि कोणाला शंका आली नसती.

हे मी पकडलं ते ग्राफ बघून नाही. सवय लावून घेतलीय की प्लॉटच्या आधी प्रत्येक कॉलमची मिनिमम मॅक्सिमम व्हॅल्यू आणि वेगवेगळ्या व्हॅल्यू किती आहेत ते बघायचं, ग्नूप्लॉटमध्ये स्टॅट्स नावाची कमांड आहे, पायथनमध्ये तर एका ओळीचं काम. अॅब्सॉर्बन्सच्या अख्ख्या कॉलममध्ये ०, १ आणि २ एवढ्याच व्हॅल्यू निघाल्या. अॅब्सॉर्बन्स असा मोजून पूर्णांकात कधी येतो का.

ह्यावर उपाय सोपा आहे पण डोळे मिटून करायचा नाही. कॉलममधे टॅब किंवा सेमिकोलन असेल तर फाइंड-रिप्लेसने सगळे कॉमा बदलून पॉइंट करा, झालं. पायथनच्या पांडास लायब्ररीत डेसिमल नावाचा पर्याय आहे, त्याला कॉमा सांगितला की तो वाचतानाच समजून घेतो, ग्नूप्लॉटला सेट डेसिमलसाइन लोकेल आहे, विंडोजवरच्या बऱ्याच प्लॉटिंग सॉफ्टवेअरच्या इम्पोर्ट डायलॉगमध्ये न्यूमेरिक सेपरेटर म्हणून ड्रॉपडाउन असतो, तो कुठेतरी खालच्या कोपऱ्यात मिटलेला असतो, उघडून बघावा लागतो. खरी पंचाईत तेव्हा जेव्हा कॉलम पण कॉमाने तोडलेत आणि डेसिमल पण कॉमाच. ३७०,५,०,८१२ अशी ओळ. दोन आकड्यांचे चार तुकडे, आणि त्यातून जर मशीन पूर्ण आकड्याच्या वेळी नुसतं ३७१ लिहीत असेल तर त्या ओळीत तीनच तुकडे, मग कॉलम ओळीओळीला सरकतात. अशा फाइलला मी हात लावत नाही, मशीनवर जाऊन सेपरेटर बदलून परत एक्सपोर्ट करून आणायला सांगते. अंदाजाने डेटा जोडायचा नसतो.

एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये कुठल्या बाइटने साठवलीत त्याची, गोष्ट वेगळी, ती निदान लपत नाही. सीव्हीची एक फाइल होती, नोटपॅडमध्ये सुंदर दिसते, पोटेन्शियल, करंट, सगळं जागच्या जागी, पण ग्नूप्लॉटला दिली की म्हणतं एकही व्हॅलिड पॉइंट नाही. दुसऱ्या एका सॉफ्टवेअरने उघडली तर प्रत्येक अक्षरानंतर चौकोन. ज्याची फाइल होती त्याने डेलिमिटर, म्हणजे कॉलम तोडणारं चिन्ह, बदलून बघितला, हेडरच्या ओळी सोडून बघितल्या, काही फरक नाही. अशा वेळी नोटपॅडवर विश्वास ठेवायचा नाही, कारण नोटपॅड एन्कोडिंग स्वतःच ओळखून तुम्हाला गोड चित्र दाखवतं. हेक्स व्ह्यूमध्ये, म्हणजे जिथे फाइलचे कच्चे बाइट दिसतात तिथे, उघडलं की कळतं. साध्या फाइलमध्ये ०.२ हे तीन बाइट असतात, हेक्समध्ये ३०, २ई, ३२. ह्या फाइलमध्ये ३० ००, २ई ००, ३२ ००, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या मागे एक शून्य बाइट, आणि फाइलच्या अगदी सुरुवातीला एफएफ एफई. ही यूटीएफ-१६. दिसतं तेवढंच पण साइज दुप्पट. लिनक्सवर फाइल नावाची कमांडच आहे, ती एका झटक्यात सांगते की हे लिटल एंडियन यूटीएफ-१६ आहे, आणि आयकॉन्व्ह कमांडने यूटीएफ-८ करून घेता येतं. विंडोजवर नोटपॅडमध्येच सेव्ह अॅज करताना खाली एन्कोडिंगचा पर्याय असतो, तिथे यूटीएफ-८ निवडायचं.

यूटीएफ-८ मध्येपण एक छोटा काटा आहे. काही प्रोग्राम फाइलच्या सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ असे तीन बाइट चिकटवतात, त्याला बीओएम म्हणतात. दिसत नाहीत. पायथनच्या साध्या सीएसव्ही मॉड्यूलने वाचलं तर पहिल्या कॉलमच्या नावाला ते चिकटतात आणि मग तुम्ही वेव्हलेंग्थ कॉलम मागता, पायथन म्हणतं असा कॉलमच नाही, प्रिंट केलं तर नाव अगदी तेच दिसतं. एन्कोडिंगला यूटीएफ-८-सिग असं सांगितलं की सुटतो प्रश्न.

न दिसणाऱ्या अक्षरांमध्ये मला सगळ्यात जास्त त्रास मायनसने दिलाय. कीबोर्डवरचा मायनस म्हणजे हायफन, आणि छपाईत वापरतात तो खरा गणिती मायनस वेगळं अक्षर आहे, युनिकोडमध्ये त्याचा वेगळा नंबर. पीडीएफमधल्या टेबलवरून किंवा वर्ड डॉक्युमेंटमधून डेटा उचलला की तो लांब मायनस येतो. आमच्याकडे एकीने जुन्या थिसिसच्या पीडीएफमधून तुलनेसाठी सीव्हीचे आकडे उचलले, ग्राफ काढला तर लूपचा फक्त वरचा उजवा भाग, बाकी सगळं गायब, कारण निगेटिव्ह आकडे आकडे म्हणून वाचलेच गेले नाहीत. इथे एक साधी खूण आहे, स्प्रेडशीटमध्ये आकडे सेलच्या उजवीकडे चिकटतात आणि टेक्स्ट डावीकडे, तर एकाच कॉलममध्ये काही उजवीकडे काही डावीकडे दिसले की समजायचं डावीकडचे आकडे नाहीत. न तुटणारी स्पेस पण अशीच, साध्या स्पेससारखी दिसते पण प्रोग्रामला ती स्पेस वाटत नाही. नोटपॅड प्लस प्लसमध्ये शो ऑल कॅरेक्टर्स चालू केलं की टॅब बाणासारखे, स्पेस टिंबासारख्या दिसतात आणि ओळीच्या शेवटी सीआर एलएफ असं लिहून येतं. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते आधी केलं तर पुढचा अर्धा दिवस वाचतो.

हेडरबद्दल जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत असतं की वरच्या ओळी सोडायच्या. फक्त एवढंच, ओळी मोजून सोडू नका. आमच्या एक्सआरडीच्या फाइलमध्ये ऑपरेटरने कमेंट टाकली तर हेडर एका ओळीने वाढतं, आणि हेडरच्या शेवटच्या ओळीत स्कॅनची रेंज आकड्यातच लिहिलेली असते, २०.०० ८०.०० ०.०२ अशी. एक ओळ कमी सोडली की ती डेटा म्हणून वाचली जाते, २० अंशावर ८० काउंट, आणि बॅकग्राउंड पण त्याच्याच आसपास असल्यामुळे ग्राफमध्ये कळतसुद्धा नाही. म्हणून मोजायचं ते दुसऱ्या टोकाने, २० ते ८० आणि स्टेप ०.०२ म्हणजे ३,००१ पॉइंट असलेच पाहिजेत, ना एक कमी ना एक जास्त.

पॉइंट मोजायला लोक कंटाळा करतात पण २०२० मध्ये इंग्लंडमध्ये काय झालं ते बघा. कोविडच्या १५,८४१ पॉझिटिव्ह केसेस काही दिवस राष्ट्रीय आकड्यात आल्याच नाहीत, कारण लॅबकडून येणाऱ्या टेक्स्ट फाइल जुन्या एक्सएलएस फॉरमॅटच्या शीटमध्ये ओढल्या जात होत्या आणि त्या फॉरमॅटमध्ये ६५,५३६ च्या वर ओळी मावतच नाहीत. उरलेल्या ओळी कापल्या गेल्या आणि त्या लोकांच्या संपर्कातल्यांचा शोध घ्यायला उशीर झाला. किती ओळी पाठवल्या आणि किती पोचल्या एवढं जुळवलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं.

रिकाम्या ओळींचं एक ग्नूप्लॉटवाल्यांसाठी. एक रिकामी ओळ आली की तो रेघ तोडतो, दोन आल्या की तिथून नवीन डेटासेट धरतो. हे मुद्दाम ठेवलेलं आहे आणि एकाच फाइलमध्ये दहा स्कॅन ठेवायला फार उपयोगी पडतं, पण एखादं मशीन पान संपल्यासारखी दर पन्नास ओळींनी रिकामी ओळ टाकत असेल तर ग्राफ तुटक येतो आणि पोरं लाइन स्टाइल बदलत बसतात. तसंच मधला एखादा सेल रिकामा असलेली टॅबवाली फाइल असेल तर सेपरेटर टॅब आहे असं स्पष्ट सांगा, नाहीतर दोन टॅब मिळून एकच मोकळी जागा धरली जाते, पुढचे कॉलम एक घर डावीकडे सरकतात आणि करंटच्या जागी तापमान प्लॉट होतं.

हे सगळं लॅबचं झालं, पण माझी एक मैत्रीण कोकणात शाळेत भूगोल शिकवते, शाळेच्या पर्जन्यमापकाची वही मुलांनी टाइप केली होती, त्याचा ग्राफ काढायला तिने मला पाठवली. तारीख, मिलिमीटर, दोन कॉलम, याहून साधं काय असणार. ग्राफ आला तर जानेवारीत पाऊस, फेब्रुवारीत पाऊस, डिसेंबरपर्यंत प्रत्येक महिन्यात ६, ७, ८ आणि ९ तारखेला पाऊस, आणि जूनमधला सलग पाऊस सुरू होतोय तो १३ तारखेपासून. हे ६, ७, ८, ९ बघितलं आणि लगेच उलगडलं, जून जुलै ऑगस्ट सप्टेंबर! आपण ०३/०६ लिहितो म्हणजे तीन जून, प्रोग्रामने अमेरिकन पद्धतीने वाचलं सहा मार्च. १२ तारखेपर्यंत दिवस महिना म्हणून खपतो, १३ पासून खपत नाही म्हणून तिथून पुढे तो आपोआप बरोबर वाचायला लागतो, आणि त्यामुळेच अर्धा ग्राफ खरा दिसतो. पांडासची जुनी व्हर्जन असं प्रत्येक तारखेचं वेगवेगळं ठरवायची, २०२३ मध्ये आलेल्या २.० पासून पहिल्या तारखेवरून एकच फॉरमॅट ठरवून सगळ्यांना लावतात आणि जुळलं नाही तर एरर देतात, हे फार चांगलं केलं. तरी फॉरमॅट स्वतः लिहून द्यावा हे उत्तम. मुलांना ती चूक तिने वर्गात ग्राफसकट दाखवली, जानेवारीतला पाऊस बघून पोरं स्वतःच ओरडली म्हणे की हे कसं शक्य आहे. आपल्या गावचा पाऊस त्यांना माहीत होता म्हणून.

सिम्युलेशनवाल्यांसाठी पण एक, कारण हे फार कमी लोकांना माहितीये. फोर्ट्रान भाषेतल्या प्रोग्रामच्या आउटपुटमध्ये दहाचा घातांक तीन आकडी झाला की जागा पुरत नाही म्हणून ई हे अक्षरच गळतं, म्हणजे ०.१२३ई-१०० च्या जागी ०.१२३-१०० असं छापलं जातं. वाचणारा प्रोग्राम ०.१२३ वर थांबतो. जो आकडा जवळजवळ शून्य पाहिजे तो ०.१२३ म्हणून प्लॉट होतो आणि सपाट शेपटीवर मधूनच उंच सुळके दिसतात, आणि माणूस फिजिक्समध्ये कारण शोधत बसतो. आकड्याच्या जागी नुसत्या चांदण्या दिसल्या तर तीही जागा न पुरल्याचीच खूण, तो आकडा फाइलमध्ये नाहीच, प्रोग्राममध्ये फॉरमॅट रुंद करून परत चालवावा लागतो.

अजून एक गपचूप वागणारं प्रकरण म्हणजे यूव्हीचा डेटा ८०० नॅनोमीटरकडून २०० कडे उतरता येतो. प्लॉटला काही फरक पडत नाही, पण पायथनच्या नमपाय लायब्ररीतल्या, पॉइंटच्या मधल्या व्हॅल्यू काढणाऱ्या, इंटर्प फंक्शनला एक्स चढता लागतो आणि तो चढता आहे का हे ते तपासत नाही, उतरता दिला तर काहीही आकडे देतं. बॅकग्राउंड वजा करायला हे फंक्शन वापरत असाल तर आधी सॉर्ट करा.

त्या मँगनीजवाल्या पोराचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. स्लाइड बदलली, दुसरी फेज काढून टाकली, आणि आता त्याच्याकडे जे आहे ते असं की पीक किंचित सरकलंय आणि रुंद झालंय, जे खरं तर मांडायला जास्त भक्कम आहे. तो थोडा हिरमुसला हे खरं, पण नंतर स्वतःच बसून आमच्यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहिली, कुठलीही फाइल दिली की एन्कोडिंग, ओळींची संख्या, हेडर कुठे संपतं, प्रत्येक कॉलमचा मिनिमम मॅक्सिमम, कॉमा असलेल्या ओळी आणि आकडा म्हणून पूर्ण वाचता न आलेल्या ओळी नंबरासकट छापून देते. पूर्ण वाचता न आलेल्या, हा शब्द महत्त्वाचा, पायथनचं फ्लोट ह्यासाठी छान आहे, १,८४५ दिलं तर ते अर्धवट वाचत नाही, सरळ नकार देतं. यूव्हीच्या ऑपरेटरकाकांशी पण बोलले, त्यांनी कॉम्प्युटरची रिजनल सेटिंग बदलून दिली, त्यामुळे नवीन फाइल आता पॉइंटवाल्या येतात, मात्र आधीच्या सगळ्या कॉमावाल्याच आहेत, म्हणून फोल्डर वेगळे केलेत आणि कच्च्या फाइल फक्त वाचता येतील अशा लॉक करून ठेवल्यात, बदल करायचा तो कॉपीत.

आता कोणी "ग्राफ येत नाहीये" म्हणून आलं की मी फाइलच मागते, मशीनवरून निघाली तशी, मधे कुठेही उघडून सेव्ह न केलेली. फाइल मोठी असेल तर पहिल्या तीस आणि शेवटच्या पाच ओळी टेक्स्ट म्हणून. स्क्रीनशॉट नको, स्क्रीनशॉटमध्ये टॅब आणि स्पेस सारखेच दिसतात.